एक रबरी गांडूळ आणि तीन तळी

मासेमारीच्या रबरी गांडुळांच्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापलंय की कुठल्याही पाण्यात, कुठल्याही मोसमात बास, म्हणजे गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा, गळाला लागणारच. खाली जबडा वासलेल्या एका अगडबंब माशाचं चित्र. चित्राला मी भुललो नाही असं म्हणणार नाही, पण छापलेलं वाक्य तपासून बघायची खोड मला आहे. म्हणून वसंतापासून थंडी पडेपर्यंत तीन पाकिटं, म्हणजे तीस गांडुळं, मी तीन वेगवेगळ्या पाण्यांत वापरली. प्रत्येक ठिकाणी नऊ फेऱ्या, एकूण सत्तावीस. वही ठेवली. त्या वहीत ४१ बास आहेत: गवताळ तळ्यात ३३, खाणीच्या तळ्यात ७ आणि गढूळ जलाशयात १.

आता या मालाला पाचपैकी किती तारे द्यायचे, सांगा.

आधी वस्तू काय आहे ते. पाच इंच लांब, करंगळीएवढं जाड, दोन्ही टोकांना निमुळतं होत गेलेलं मऊ प्लास्टिक. आपण सवयीने रबरी म्हणतो. शेपटी नाही, पाय नाहीत, डोळे नाहीत. माझ्या मेहुण्याने पहिल्यांदा ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "दाजी, हे अर्धवट बनवून पाकिटात भरलंय का?" बोटांना मिठाची कचकच लागते, कारण या प्लास्टिकमध्ये मीठ मिसळलेलं असतं. सगळी मेख त्या मिठात आहे. मासा चव ओळखून ते जास्त वेळ तोंडात धरतो असं सांगतात, असेलही. माझ्या दृष्टीने मिठाचं खरं काम वजनाचं. त्यामुळे शिसं न लावताही गांडूळ बुडतं, आणि कसं बुडतं ते महत्त्वाचं.

ते मी बादलीत बघितलं. बिनमिठाचं दुसरं एक गांडूळ गळासकट सोडलं, तर ते नाक खाली करून खिळ्यासारखं गेलं. हे मात्र आडवंच खाली जातं आणि जाताना दोन्ही टोकं किंचित थरथरतात. अगदी किंचित, डोळे बारीक केले तरच दिसतं. तळ्यात मोजलं तर चार फूट खाली जायला सुमारे सहा सेकंद लागले. धडपड नाही, पळापळ नाही. कुणीतरी मेल्यासारखं, पण पूर्ण न मेलेलं खाली येतंय. बासचा स्वभाव दबा धरून बसायचा. आयतं तोंडासमोर आलेलं तो सहसा सोडत नाही.

पण आयतं यायला त्याला ते दिसलं तर पाहिजे, आणि सहा सेकंदांत ते त्याच्या आसपास तरी पडलं पाहिजे. पाकिटावरचं वाक्य इथेच फसतं. हे आमिष मासा शोधत फिरत नाही. मासा कुठे आहे हे तुम्हाला आधीच माहीत असेल तरच ते कामाचं. म्हणजे आधी तळं निवडा, मग तळ्यातली जागा, आणि सगळ्यात शेवटी पाकीट उघडा. मी वर्षानुवर्षं हे उलट करत आलोय. नवीन आमिष आणायचं आणि ते कुठेतरी टाकून बघायचं.

तळं निवडायला मी एक साधं साधन वापरतो: पांढरं प्लास्टिकचं झाकण, मधोमध भोक, भोकात एक नट-बोल्ट वजनाला, आणि फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी. झाकण पाण्यात सोडायचं आणि दिसेनासं झालं की गाठी मोजायच्या. ही युक्ती माझी नाही. आंजेलो सेकी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञ पाद्र्याने १८६५ साली अशीच पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती, आणि पाण्याचे अभ्यासक आजही सेकीची तबकडी वापरतात. माझ्या तीन पाण्यांत झाकण दिसेनासं झालं ते असं: गवताळ तळं चार फूट, खाण चौदा फूट, गढूळ जलाशय नऊ इंच. वरचे ३३, ७ आणि १ हे आकडे या तीन आकड्यांशेजारी ठेवा. आमिष तेच, माणूस तोच, मासाही तोच.

गवताळ तळं लहान आहे, चालत अर्ध्या तासात फेरी होते. सहा-सात फुटांपलीकडे खोली नाही, एका अंगाला कमळाची पानं, दुसऱ्या अंगाला पाण्याखालचं गवत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काठाजवळ पाणी १७ अंश होतं. पाणी साधारण १५ ते २० अंशांत आलं की बासचे नर उथळ पाण्यात, जरा टणक तळ असेल तिथे, शेपटीने झाडून ताटाएवढे खळगे करतात. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करत बसतो. त्या दिवसांत खळग्यात काहीही टाका, नर ते तोंडात धरून बाहेर नेऊन टाकणार. त्याला भूक नसते, ती चौकीदारी असते. हे गांडूळ तिथे हमखास चालतं. मी एकदा केलं, मासा उचलला, फोटो काढला, आणि सोडेपर्यंत बघतो तर खळग्यावर छोट्या सनफिश माशांची झुंबड. अंडी फस्त. तेव्हापासून राखणीवरच्या नराच्या वाटेला जात नाही. वहीतल्या ३३ मध्ये तो एक धरलेला नाही.

खरी मजा त्यानंतरच्या महिन्यांत. गवताच्या गालिच्यात कुठे कुठे पाण्याची मोकळी खिडकी असते, टेबलाएवढी, कधी ताटाएवढी. त्या खिडकीत शिसं न लावलेलं गांडूळ सोडायचं. गळ ३/० मापाचा, वाकड्या मानेचा. टोक गांडुळाच्या अंगात परत रुतवून ठेवायचं, म्हणजे गवतात अडकत नाही. टाकलं की हात बांधून उभं राहायचं. हेच सगळ्यांत अवघड. मेहुण्याला ते जमतच नाही. गांडूळ पाण्याला लागलं की त्याचं मनगट आपोआप हलायला लागतं. मी म्हणतो, "अरे, थांब ना जरा!" तर म्हणतो, "थांबलोय की!" आणि रॉडचं टोक नाचतच असतं.

डोळा दोरीवर. दोरी पाण्यावर सैल पडलेली असते आणि गांडूळ बुडेल तशी हळूहळू आत ओढली जाते. चावा हाताला जाणवतोच असं नाही. दोरी अचानक थांबते, किंवा टुणकन एकदा उडते, किंवा सरळ जायचं सोडून तिरकी चालू लागते. एका सकाळी कमळाच्या कडेला सोडलेली दोरी तिसऱ्या सेकंदाला थांबली. तिथे पाणी पाच फूट, म्हणजे तळ लागला असं म्हणायला सोय नव्हती. मी सैल दोरी गुंडाळून घेतली आणि झटका दिला. रॉड वाकला, पानं हलली, देठ तुटल्याचा आवाज आला, आणि गवताचा भारा अंगावर घेऊन साडेतीन किलोच्या बढाया मारणारा एक मासा बाहेर आला. गवत काढल्यावर सव्वा किलो भरला. तरी त्या तळ्यातला माझा सर्वांत मोठा तोच.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण तळं निवडताना मी ती उशिरा शिकलो. ३३ पैकी जवळजवळ सगळे दहा ते बारा इंचांचे, डोकं मोठं आणि पोट आत गेलेलं. त्याच तळ्यात ब्लूगिल, म्हणजे सनफिशचीच एक जात, मात्र तळहात भरून उरतील एवढे. लहान तळ्यांचं हे ठरलेलं गणित आहे. बास फार झाले की ते छोट्या ब्लूगिलांचा फडशा पाडतात. वाचलेल्या मोजक्या ब्लूगिलांना खायला मुबलक मिळतं म्हणून ते फुगतात, आणि बास अर्धपोटी राहून खुरटतात. बास मोजके आणि दांडगे असतील तिथे चित्र उलटं, ब्लूगिल पुष्कळ पण बारीक. त्यामुळे अनोळखी तळ्यावर मी आता आधी बारीक गळाला चिमूटभर आमिष लावून दोन-चार ब्लूगिल काढतो. मोठे निघाले तर इथे दिवसभर हात हलता राहील पण फोटोसारखा मासा मिळणार नाही, एवढं समजून राहतो. पाकिटावरचं चित्र अशा तळ्याचं नसतं. त्यात गांडुळाचा दोष नाही. गवताळ तळ्यासाठी पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येतंय.

खाणीचं तळं म्हणजे दगड काढून झाल्यावर भरलेला खड्डा. कडे सरळसोट, पाणी काचेसारखं. वर उभं राहिलं की मासे दिसतात, आणि माशांना आपण. पहिल्या चार फेऱ्यांत शून्य. पाचव्या फेरीत मी पोटावर झोपून कड्यावरून खाली बघत होतो आणि गांडूळ मेहुणा टाकत होता, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा सगळं वरून दिसलं. कपारीतून एक बास निघाला, दोन-अडीच फुटांवर थांबला, गांडुळासोबत तिरका खाली खाली जाऊ लागला. तळाला लागल्यावर नाक खाली करून त्यावर उभा राहिला. मी मनात मोजत होतो. अकरा. बाराव्याला त्याचे कल्ले फुलले, गांडूळ नाहीसं झालं, आणि मी "ओढ!" म्हणायला तोंड उघडेपर्यंत ते पुन्हा तळावर पडलेलं होतं. त्याने आत ओढलं, तपासलं, थुंकलं. जेमतेम एक सेकंद. वर येऊन मेहुण्याला विचारलं, "काही लागलं हाताला?" तो म्हणाला, "काहीच नाही दाजी. आहे का खाली मासा?"

आधीच्या चार फेऱ्यांच्या शून्यात असे किती सेकंद गेले असतील!

त्यानंतर तिथली पद्धत बदलली. दोरी आठ पौंडांचा ताण सोसणारी, फ्लोरोकार्बन नावाच्या प्लास्टिकची, कारण ती पाण्यात कमी दिसते आणि बुडते, म्हणून सैल राहत नाही. गळ बारीक, उघड्या टोकाचा, गांडुळाच्या बरोबर कमरेत टोचलेला. दोन्ही बाजू लोंबकळतात आणि पडताना पंख मिटल्या-उघडल्यासारख्या हलतात. रंग चकाकीचा नको, मळकट हिरवा. आणि तळाला लागल्यावर निवांत बसायचं नाही. दोरी बोटावर घेऊन जरा जड वाटली की उचलायचं. उरलेल्या फेऱ्यांत सात मासे मिळाले, ते असे.

त्या खाणीवर माणसांचा राबताही फार. सोडलेला मासा शहाणा होतो असं आपण गमतीने म्हणतो, पण त्यात याहून जास्त काही आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रिज लेकमधल्या बासवर वीसेक वर्षं प्रयोग चालले. सहज गळाला लागणारे आणि सहसा न लागणारे असे मासे वेगळे काढून त्यांच्या तीन पिढ्या वाढवल्या, आणि हा गुण वंशात उतरतो असं दिसलं. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जिथे पकडलेले मासे लोक घरी नेतात, तिथे भोळे आधी जातात आणि बिलंदरांची पोरं मागे उरतात. अशा पाण्यात पाकीट बदलून फार फरक पडत नाही. वेळ बदलून पडतो. माझे सातपैकी पाच मासे उजाडायच्या आधीचे.

उन्हाळ्यात खाणीने आणखी एक धडा दिला. खोल पाण्याचे उन्हात थर पडतात, वर कोमट, खाली गार, आणि मधे दोन हातांत तापमान झपकन उतरतं. तळाकडे प्राणवायू कमी पडू लागला की मासा त्या मधल्या थराच्या खाली जात नाही. मी मात्र खोल म्हणजे मोठा मासा या समजुतीने गांडूळ पस्तीस फूट खाली पोचवत बसलो होतो. एकेका फेकीला मिनिटभर. रिकाम्या घरात टपाल टाकल्यासारखं. दोरीला थर्मामीटर बांधून बघितलं तेव्हा अठरा फुटांखाली पाणी एकदम गार लागलं. मग दहा-बारा फुटांवरचा कपारीचा कठडा धरला आणि तिथेच राहिलो. खाणीला तीन तारे. तीन पद्धतीला आहेत, गांडुळाला दोनच, पण वेगळे करता येत नाहीत.

गढूळ जलाशयाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वारा कायम, पाणी दुधाळ तपकिरी, काठ मैलोन्‌मैल एकसारखा. नऊ इंचांपलीकडे काही दिसत नाही अशा पाण्यात बास अंगावरच्या रेषेने पाण्याची थरथर टिपतो, आणि या गांडुळाची थरथर म्हणजे कानात कुजबुज. वाऱ्याने दोरीला पोट येतं, चावा कळत नाही. काळा-निळा रंग लावून बघितला, पुढे शिसं लावून बघितलं. तिथे पाती फिरणारं स्पिनरबेट किंवा पोटात खुळखुळा असलेलं क्रँकबेट हवं, भराभर फेकत मोठा काठ पिंजून काढायला. नवव्या फेरीत कंटाळून मी गांडूळ पायाजवळच्या एका दगडाला टेकवून सोडलं आणि तिथून एक बास निघाला. बहुधा त्याच्या डोक्यावरच पडलं असावं. एक तारा, तो त्याला.

आता तक्रारी. पहिली, फाटतात. कमरेत टोचलेलं गांडूळ दोन माशांपलीकडे टिकत नाही. मिठामुळे प्लास्टिक ठिसूळ होतं त्याला इलाज नाही, पण मधे रबराची छोटी कडी चढवून गळ कडीखालून घातला तर चार-पाच मासे निघतात. ती कडी पाकिटात द्यायला काय हरकत होती? दुसरी, मीठ गळाला गंज आणतं. घरी आल्यावर गळ काढून धुवायचा, नाहीतर आठवड्यात टोक तांबूस.

तिसरी मोठी, आणि अर्धी चूक माझी. ही गांडुळं मी डबीत दुसऱ्या प्रकारच्या, रबराच्या बँडसारख्या ताणल्या जाणाऱ्या आमिषांशेजारी ठेवली. दोन आठवड्यांनी उन्हात तापलेली डबी उघडली तर आत एकच लगदा. हिरवं-काळं एकमेकांत उतरलेलं, सात गांडुळं डबीच्या तळाला चिकटलेली, ओढलं की तार निघायची, आणि वास असा की मेहुणा गाडीची काच खाली करून बसला. मऊ प्लास्टिकमधलं तेल काही प्लास्टिकना विरघळवतं, त्यामुळे दोन जाती एकत्र ठेवू नयेत. पाकिटाच्या मागे याबद्दल एक अक्षर नाही. पुढे रंगीत चित्राला भरपूर जागा होती.

चौथी तक्रार गांडुळाची नाही, चावण्याच्या ढंगाची. मऊ आणि खारट म्हणून मासा ते गिळतो, आणि तुम्ही दोन सेकंद जास्त थांबलात की गळ घशात. ४१ पैकी सहांना तसा लागला. घशातून ओढून काढू नका. दोरी तोंडाशी कापून सोडून द्या, माशाला वाचायला तेच बरं. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट केला तर आणखी बरं. फाटलेलं गांडूळ पाण्यात फेकायचं नाही, मासे तेही गिळतात. आणि सोडण्याबद्दलही एकच नियम सगळीकडे लावू नका. जपानमध्ये बास परका मासा, १९२५ साली आशी सरोवरात आणून सोडलेला. बिवा सरोवरात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे. गंमत म्हणजे जागतिक विक्रमाची बरोबरी करणारा मासा त्याच बिवामध्ये २००९ साली मानाबू कुरिता यांना मिळाला, दहा किलोंहून थोडा जास्त. आधीचा विक्रम जॉर्ज पेरी यांचा, १९३२ सालचा, जॉर्जिया राज्यातल्या माँटगोमेरी लेकचा, २२ पौंड ४ औंस. कुरितांच्या गळाला जिवंत ब्लूगिल होता.

कुणी घ्यावं? ज्याच्या जवळ उथळ, गवताळ, तीन ते सहा फूट दिसणारं पाणी आहे आणि ज्याला उभं राहता येतं, त्याने डोळे झाकून घ्यावं. मळकट हिरवा रंग, एकच पाकीट. मोठ्या गढूळ पाण्यावर जाणाऱ्याने पैसे दुसरीकडे घालवावेत. सरासरी काढून तीनाला थोडे कमी तारे देता येतील, पण मग माझ्याकडून तेच होईल जे पाकीट करतंय.

माझ्याकडे आता चार धड गांडुळं आणि पुढून फाटलेली नऊ उरली आहेत. फाटलेला भाग कापून त्यांची तीन-तीन इंचांची केली, वेगळ्या पिशवीत, थोडं मीठ भुरभुरून. ती खाणीसाठी. मेहुण्याला कड्यावर पोटावर झोपवणार आहे, टाकायचं काम या वेळी माझं.